कबूल वकील

त्यांच्या ऑफिसात धड खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ते स्वतः बसलेले मी कधी पाहिले नाहीत. अशिलाला त्या खुर्चीत बसवायचे आणि आपण येरझाऱ्या घालायचे. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत, आणि बोलणं चालूच. अर्धं वाक्य आपल्या कानात, अर्धं दाराबाहेर. मी मुळातच तापट अन् उतावळी. पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, एका जागी थांबा की हो. मला गरगरायला लागलंय."

"मी थांबलो की माझं डोकं थांबतं पोरी," ते म्हणाले. "तू डोळं मीट." आणि गेले दाराकडं.

जुन्नरच्या कोर्टात त्यांना सगळे कबूल वकील म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. खरं नाव मी सांगत नाही, कारण त्या नावानं त्यांना कुणी ओळखायचंच नाही. गेल्या थंडीत ते गेले. बातमी कळली तेव्हा मी रोपवाटिकेत टोमॅटोच्या ट्रे भरत होते. हात तसेच चिखलाचे ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. सोबतच्या बाया म्हणाल्या, कोण होते गं तुझे? काय सांगणार? ज्या माणसांशी मी जन्मात सगळ्यात जास्त भांडले, त्यात नवऱ्याच्या खालोखाल त्यांचाच नंबर.

बुटके, काटकुळे, मान पुढं काढून चालणारे. गालात कायम हिरडा. घशाला बरा म्हणून चघळायचे आणि तो इकडून तिकडं सरकवत बोलायचे, त्यामुळं नवीन माणसाला निम्मं कळायचं नाही. हिरडा तोंडातून काढून हातात घेतला की समजायचं, आता काहीतरी गंभीर येणार. आणि अंगातला काळा कोट नावाचाच काळा. ऑफिस पिठाच्या गिरणीला चिकटून होतं, कोटावर सदा पीठ. एकदा न्यायाधीश मॅडमनी भर कोर्टात म्हटलं होतं, "वकीलसाहेब, आधी कोट झटकून या." ते व्हरांड्यात गेले, कोट झटकला, आणि मागं उभ्या असलेल्या दोन ज्युनियर वकिलांना पांढरंफटक करून परत आले.

गिरणीशेजारी ऑफिस का घेतलं, तर म्हणायचे, "नवरा-बायकोचं भांडान गिरणीच्या आवाजात सांगावं. भिताडालाबी ऐकू जात न्हाई." खरं होतं ते, पण लाइट असेपर्यंतच. आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. एकदा मी बाहेर बाकावर नंबर धरून बसले होते. आत ओतूरकडची एक बाई. गिरणी घरघरतेय आणि हे ओरडतायत, "तो दारू पितो म्हनून सोडायचाय, का घोरतो म्हनून? येक काय ते सांग!" नेमकी लाइट गेली. गिरणी थांबली. आणि बाईनं ओरडून दिलेलं उत्तर, "घोरतो म्हनून", हे दोन शब्द अख्ख्या गल्लीत घुमले. पिठाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या रांगेतनं एक म्हातारा म्हणाला, "वकीलसाहेब, घोरन्यावर मिळत आसंल तर आमच्या म्हातारीला कळू देऊ नका." सगळी रांग हसली. आतली ती बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली. केस मात्र तिची पुढं चाललीच.

आता हे नाव कसं पडलं ते सांगते. कोर्टात एकानं अर्ज दिला की दुसऱ्यानं त्यावर आपलं म्हणणं लेखी द्यायचं असतं. त्याला सगळे 'से' म्हणतात. से दिला का, से बाकी आहे का, असं चालतं. मुदतीत दिला नाही तर कोर्ट तुमच्याविना पुढं जातं. आणि तो लिहायचा कसा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. पहिलंच वाक्य, 'अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा, खोडसाळ व बनावट असून सामनेवाली यांस मान्य व कबूल नाही.' टायपिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरात ते तयारच असतं, फक्त नावं बदलायची.

आमचे वकील हे वाक्य लिहायचे नाहीत. मेले तरी लिहायचे नाहीत.

"संपूर्ण मजकूर खोटा?" ते म्हणायचे. "आगं, त्यात तुझं नाव हाय, लग्न हाय, पोरीचं नाव हाय. पोरगी बनावट हाय का?"

त्यांची रीत निराळी होती. विरुद्ध बाजूचा अर्ज अशिलानं त्यांच्यापुढं मोठ्यानं वाचायचा. तोही जसाच्या तसा, 'मी' म्हणत. म्हणजे बायकोनं नवऱ्याचा अर्ज नवरा होऊन वाचायचा आणि नवऱ्यानं बायकोचा बायको होऊन. एकेका वाक्यापाशी हे थांबवणार, "खरं का खोटं?" खरं असलं तर लाल पेन्सिलीनं टिक. आणि से लिहिताना टिक केलेलं सगळं आधी यायचं: हे खरं आहे, हेही खरं आहे, हेही झालं आहे. मग बाकीचं. ऐकून अशिलांच्या तोंडचं पाणी पळायचं. कितीतरी जण तिथूनच उठून दुसरा वकील बघायला जायचे.

एक दांडगा मिशावाला माणूस माझ्यासमोर बायकोचा अर्ज वाचत होता. सुरुवातीला आवाज असा, की गिरणीलाही ऐकू जाईल. खोटं, खोटं, तेही खोटं. मग एक वाक्य आलं: 'माझा भाऊ मला भेटायला आला असता त्याच्यासमोर मला ताटावरून उठवले.' गडी तिथं अडकला. पुढं वाचेना. वकील दारापर्यंत जाऊन परत आले, म्हणाले, "खरं का खोटं?" तो म्हणाला, "साहेब, ते तिनं लिवलंय व्हय?" बस, एवढंच. टिक करायला त्यानं स्वतःच बोट ठेवलं. त्या दोघांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते गोड झालं असं मी उगाच सांगणार नाही.

ही रीत कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारात." दर आठवड्याला तिथं बैलबाजाराला जायचे. घेणं नाही, विकणं नाही, गोठ्यात शेपूट नाही, तरी जायचे आणि टेंपोतनं जनावरं उतरताना बघत हिंडायचे. "जो बैलाची खोड आधी सांगतो ना, त्याच्या बैलाचं दात कोन तपासत न्हाई. ह्यो मारका हाय, डाव्या अंगानं जाऊ नका, आसं म्हनला की पुढचं समदं खरं वाटतं. अन् जो म्हनतो माझ्या बैलात खोडच न्हाई, त्याच्याकडनं शाना मानूस दावंबी घेत न्हाई."

मी म्हटलं, "पण साहेब, मी काय बैल विकायला आले नाही. माझी पोरगी जातेय."

ते खरंच होतं. मी काही हौसेनं कोर्टाची पायरी चढले नव्हते. माझं सासर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. माहेर बेल्ह्याच्या बाजूला. लग्नानंतर मी रोपवाटिकेत सुपरवायझर झाले, सासरच्यांना ते खपलं नाही. नोकरी सोड म्हणाले, मी सोडली नाही. शब्दानं शब्द वाढला. नवरा, म्हणजे माझ्या लेकीचे, तनूचे पप्पा, तसे वाईट नव्हते, पण भावांपुढं त्यांचं तोंड उघडायचं नाही, आणि मला त्याचाच राग होता. एक दिवस तनूला घेऊन मी माहेरी आले आणि मग घटस्फोटाचा दावा टाकला. तनू तेव्हा दुसरीत. तिकडून उलटा अर्ज आला, की केस चालू आहे तोवर मुलीचा ताबा वडिलांकडं द्या. त्या अर्जाला से द्यायचा होता. रात्री दोन घास घशाखाली उतरत नव्हते. तनू गेली तर मी काय करणार होते, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी एका जागी बसू शकत नव्हते, म्हणून तर मला त्यांच्या येरझाऱ्यांचा जास्त राग यायचा.

अर्ज वाचायला मी आणि माझा दादा गेलो होतो. मी खुर्चीत, दादा पिठाच्या पोत्याला टेकून उभा. वाचायला लागले. मी अर्जदार, अमुक राहणार तमुक. लग्न, खरं. तनू, खरं. सामनेवाली भांडकुदळ स्वभावाची आहे.

"खरं का खोटं?"

"खोटं!" मी ओरडले.

दादा खाली बघून हसला. वकिलांनी टिक केली नाही, पण पेन्सिल कानामागं खोचून एक चक्कर मारून आले.

पुढं होतं, 'सामनेवालीचे माहेरचे घर उसाच्या मळ्यात असून तेथे बिबट्याचा नित्य वावर आहे. ओट्यावरील कुत्रे बिबट्याने उचलून नेले. माझ्या मुलीच्या जिवाला धोका आहे.'

"खरं का खोटं?"

मी दादाकडं बघितलं. दादा पोत्यापासून पुढं आला. "साहेब, हे न्हाई लिवायचं. बिबट्या-बिबट्या काय आला न्हाई आमच्याकडं."

"मग कुत्रं कुठं गेलं? पावना म्हनून गेलं?"

आमच्या कुत्र्याचं नाव टायगर. संध्याकाळी ओट्यावर बसला होता, आईनं भाकरी टाकायला दार उघडलं तर नुसती साखळी. सगळ्या वस्तीला माहीत. वनखात्यानं पिंजरा आणून लावलेला, त्यात शेळी बांधलेली, हेही सगळ्यांना माहीत.

"हे कबूल केलं म्हंजे पायावर धोंडा मारून घेतला," दादा म्हणाला. "जजबाई म्हननार, द्या पोरगी बापाकडं."

"आरं, तालुक्यात उसाचं टिपरू हाय तिथं बिबट्या हाय. हातच्या काकनाला आरसा कशाला? आला म्हनायचं. मग तुमी काय केलं ते सांगायचं." आणि त्यांनी एकेक करून विचारलं. ओट्याला जाळी बसवली होती. घराजवळचा ऊस तोडून मोकळं केलं होतं. अंधार पडायच्या आत सगळे घरात. तनूला रस्त्यापासून घरापर्यंत आई हाताला धरून आणायची. ते सगळं लिहून घेतलं. टिक झाली. दादाचं तोंड कडू झालं.

मग सहावा परिच्छेद आला. 'मुलगी माझ्या आठवणीने झुरते. मलाही तिच्यावाचून करमत नाही.'

मी वाचलं. माझ्याच तोंडातनं 'माझ्या आठवणीने' असं आलं आणि अंगावर पाल पडावी तसं झालं.

"खोटं," मी म्हटलं. "साफ खोटं. ती नावसुद्धा काढत नाही."

वकिलांनी हिरडा काढून तळहातावर घेतला. "परत वाच."

"कशाला? म्हटलं ना खोटं!"

"बरं. ह्याच्यासमोरची जागा मी मोकळी ठेवतो. खोटं लिव्हायचं आसंल तर लिव्हीन, पन आज न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही माझे वकील आहात का त्यांचे?"

"तुझाच हाय. त्यांचा आसतो तर आत्ताच टिक मारली आसती."

मी अर्ज टेबलावर आपटला आणि बाहेर आले. दादा तर आधीच बाहेर होता. त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या वकिलाकडं गेलो. हे तरणे, डोळ्यावर गॉगल, ऑफिसात एसी आणि बसायला सोफा. त्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही, नुसता वरखाली केला. "सगळं नाकारू. बिबट्या? कुठला बिबट्या? सिद्ध करू दे त्यांना." ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. फक्त आधीच्या वकिलाची नाहरकत सही आणा, म्हणाले.

ती सही आणायला मी कबूल वकिलांच्या घरी गेले. जाताना मनात धाकधूक. गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट पसरलेली होती, की म्हणे त्यांच्या स्वतःच्याच घटस्फोटात ते खोटं बोलले, बायको निघून गेली, आणि तेव्हापासून त्यांनी हे खरं बोलायचं व्रत घेतलं. मीसुद्धा ती गोष्ट चार जणींना सांगितली होती. दार उघडलं ते त्यांच्या बायकोनंच. हातात पळी, कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर असा संताप की वाटलं, तापटपणात माझ्यापुढचीच कोणीतरी भेटली.

"या," त्या म्हणाल्या. "बसा. बघा ह्यांचं कबूल वकीलपन! दूध बघा म्हनून मी सांगून गेले, समदं उतू गेलं. अन् म्हनत्यात, मला सांगितलंच न्हाई."

"न्हाईच सांगितलं," आतनं आवाज आला.

"मग 'हूं' कोन म्हनलं?"

"मी पेपर वाचताना हूं म्हनतोच. ते तुला नव्हतं."

"चाळीस वर्सं झाली," त्या मला म्हणाल्या. "कोर्टात जगाचं कबूल करतो ह्यो मानूस. घरात येक गोष्ट केली आसंल तर शपथ."

मी भांडायला गेले होते आणि हसू आवरेना. ते बाहेर आले, बनियनवर. माझ्या हातातला कागद बघितला, काही विचारलं नाही, सही केली. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करून गेले होते, ती सगळी वाया. बाईंनी गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. ते जेवताना तरी बसतील असं वाटलं होतं, पण नाही. भाकरीचा तुकडा हातात घेऊन खिडकीपर्यंत जायचे, चावत परत यायचे. निघताना एवढंच म्हणाले, "से द्यायची तारीख चुकवू नको. नव्या वकिलाला दोनदा फोन कर. तो इसरतो."

मला त्यांचा रागच आला. इतक्या सहज सही करून देणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याच दिवशी संध्याकाळची गोष्ट. आमच्याकडं दिवस मावळला की दारं लागतात. आई, दादा, वहिनी, मी, तनू, सगळे आत. बाहेर पिंजऱ्यातली शेळी ओरडत होती. तिचा तो आवाज ऐकत बसणं म्हणजे शिक्षाच. मी चुलीपाशी, तनू माझ्या मांडीला टेकून पाढे लिहीत होती. मध्येच म्हणाली, "आई, पप्पांकडंबी ऊस हाय ना?"

"हं."

"मग तिथंबी बिबट्या येत आसंल."

"येत असेल. तू लिही."

ती लिहायला लागली. परत थांबली. "पप्पा रात्रीचं पानी धरायला जात्यात ना, मोटर चालू करायला. त्यांच्यासंगं कोन आसतं?"

मी चुलीत लाकूड सरकवलं. तिकडं शेतीची लाइट रात्रीच यायची. हे एकटेच जायचे, बॅटरी आणि काठी घेऊन. मला माहीत होतं.

"बिबट्या आला तर ते पळत आत येत्यात ना? दार कोन उघडतं? तू तर हितं हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. वहिनी उगाच भांडी हलवायला लागली. मी म्हटलं, "रोज विचारतेस का गं हे तू?" तनू म्हणाली, "आज्जीला इचारते. तुला इचारलं की तू चिडते."

मला इतकं रडू आलं की चुलीत फुंकर मारायचं निमित्त करून तोंड खाली घातलं. लेकरू माझ्या भीतीनं आज्जीला जाऊन विचारत होतं, आणि मी तिकडं जाऊन ओरडून आले होते, खोटं, साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जुन्नर गाठलं. नाहरकतीचा कागद पर्समध्ये तसाच. कबूल वकील गिरणीचं शटर उघडायला गिरणीवाल्याला मदत करत होते. मी तिथं रस्त्यावरच सगळं सांगितलं. त्यांनी हिरडा काढून फेकूनच दिला. आत येऊन लिहायला कागद घेतला.

"सांग. तिचंच शबुद. आपलं न्हाई घालायचं."

"साहेब, हे लिहिलं तर पोरगी जाईल ओ माझी."

"जाऊ शकती," ते म्हणाले. "मी तुला न्हाई जानार म्हनून सांगनार न्हाई. खोटं लिव्हू का?"

गिरणी अजून सुरू व्हायची होती. मी म्हटलं, "नको. लिहा."

दादाला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "येड्याच्या नादी लागून पोरगी घालवशील," म्हणाला, आणि तारखेला माझ्याबरोबर आलाच नाही. मी एकटी गेले.

दुपारची वेळ. उन्हाचा कडाका. कोर्टात पंखा फिरतोय पण वारा खाली येत नाही. आमचा पुकारा काही होईना. एकाचा मुदतीचा अर्ज, दुसऱ्याचे साक्षीदार नाहीत, तिसऱ्याचा वकील दुसऱ्या कोर्टात. मी सतरा वेळा उठून दाराशी जाऊन आले. पलीकडच्या बाकावर तनूचे पप्पा, दोन भावांच्या मध्ये. वाळले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. आमचे वकील व्हरांड्यात फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला दारातनं एकदा डोकावत होते.

शेवटी पुकारा झाला. त्यांच्या वकिलानं माझ्या सेला उत्तर म्हणून तनूच्या पप्पांचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं होतं. त्यात लिहिलेलं, 'अर्जदाराच्या गावात बिबट्याचा वावर नाही व कधीही नव्हता.' मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, आणि अख्खं कोर्ट हसलं. दारातला पोलीस हसला. घोड नदीच्या काठाला, चहूबाजूंनी ऊस, आणि बिबट्या नाही! ज्यानं त्यानं आपल्या दारातला बिबट्या नाकारायचा आणि दुसऱ्याच्या दारातला दाखवायचा, ही आमच्या दोन तालुक्यांची जुनी खोड. आमचा दादा काय वेगळं करायला निघाला होता?

"तुमच्याकडे ऊस आहे?" मॅडमनी विचारलं.

"हाय मॅडम," तनूचे पप्पा म्हणाले.

"बिबट्या नाही?"

त्यांनी आपल्या वकिलाकडं बघितलं, मग भावांकडं. "न्हाई मॅडम."

मॅडमनी माझा से उचलला. सहाव्या परिच्छेदाशी आल्या. "सामनेवालींनी लिहिलंय, की मुलगी वडिलांची आठवण काढते, हे खरं आहे. ती तिच्या आजीला रोज विचारते, 'पप्पा रात्रीचं पाणी धरायला एकटे जातात, त्यांच्यासंगं कोण असतं? बिबट्या आला तर ते पळत आत येतात ना? दार कोण उघडतं?'" मॅडम थांबल्या. कोर्टात आता कोणी हसत नव्हतं. "रात्री पाणी द्यायला जाता?"

"जातो."

"सोबत कोण असतं?"

थोरला भाऊ मागनं काहीतरी पुटपुटला. तनूच्या पप्पांनी मागं बघितलं नाही. पहिल्यांदाच बघितलं नाही. "कोन न्हाई मॅडम," ते म्हणाले. "येकलाच आसतो. अन् बिबट्या येतो. मागल्या म्हयन्यात बांधावर बसला व्हता. लई भ्या वाटतं."

त्यांचा वकील बाही ओढायला लागला. त्यांनी बाही सोडवून घेतली आणि माझ्याकडं वळले. दोन वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता.

"तनू इचारती?"

"रोज," मी म्हटलं.

"मॅडम, ह्यो अर्ज ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरगी तिच्याकडं ऱ्हाऊ द्या. मला फकस्त भेटू द्या."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. तनू माझ्याकडं, दर रविवारी वडिलांकडं, दिवस मावळायच्या आत परत. एवढ्यासाठी मी किती महिने जागी होते, आणि ते लिहायला मॅडमना चहा निवायला लागेल एवढासुद्धा वेळ लागला नाही. घटस्फोट पुढं झालाच आमचा. काही मोडलेलं मोडलेलंच राहतं, त्याचं मला आता वाईट वाटत नाही.

बाहेर आले तर तनूचे पप्पा कोर्टाच्या पायरीवर भर उन्हात बसलेले. भाऊ गाडीपाशी जाऊन हॉर्न वाजवत होते. हे उठत नव्हते. मी वकिलांना विचारलं, "साहेब, फोन लावून देऊ का तनूला? चालतं का ते?"

"मला काय इचारती?" ते म्हणाले. "तुज्याकडं फोन हाय, अन् तो तिचा बाप हाय."

सकाळची शाळा, तनू घरीच असणार. मी आईच्या मोबाइलवर लावला, आणि काही न बोलता फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तिकडनं तनू ओरडत होती, हॅलो, आई, हॅलो.

"पप्पा बोलतोय बाळा."

मग तनूचा आवाज आला, इतका मोठा की पायऱ्यांवर उभ्या सगळ्यांना ऐकू गेला.

"पप्पा, तुमी आत हाय ना?"

त्यांनी भोवती बघितलं. डोक्यावर ऊन, समोर गाड्या, माणसं, पुढं अख्खा मोकळा रस्ता.

"हाय बाळा," ते म्हणाले. "आतच हाय. दार लावलंय."

कबूल वकील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि तोंड फिरवून दुसरीकडं बघत राहिले.